हॅलोवीनची गाणी : ग्रोव्हर्स मिलपासून नगरपर्यंत

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आहे. दारात भोपळे बसलेत, शेजाऱ्यांच्या अंगणात सांगाडे उभे आहेत आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एकीकडे चकलीच्या भाजणीची चौकशी चालू आहे, तर दुसरीकडे पोरांच्या पोशाखाची. दरवर्षी या आठवड्यात आपल्या कार्यक्रमाकडे एकच फर्माईश येते : ‘हॅलोवीनच्या रात्री दारात लावायला काहीतरी भुताटकीचं द्या, पण आपलं द्या.’ तेव्हा आज गाणीही ऐकू आणि त्यांच्यामागचा इतिहासही. त्या इतिहासात शेवटी आपलं अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, निघतं. कसं ते सांगते, थोडा धीर धरा.

आधी एक कबुली. या देशातल्या आमच्या पहिल्या हॅलोवीनला आम्ही घरातले सगळे दिवे घालवून, आवाज न करता आतल्या खोलीत बसलो होतो. चॉकलेटं आणली नव्हती, कारण आणायची असतात हेच माहीत नव्हतं. दार वाजत होतं आणि आम्ही दोघं श्वास रोखून होतो. त्या रात्री गल्लीतलं खरं झपाटलेलं घर आमचंच होतं! तुमच्यापैकी किती जणांनी असं केलंय, ते मला कळवू नका, मला अंदाज आहे.

पुढे कळलं, की हा सणही मुळात स्थलांतरितांचाच. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड आणि स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी तो इथे आणला. हिवाळ्याच्या तोंडाशी मेलेली माणसं घराकडे फेरी मारतात, ही त्यांची समजूत. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्या लोकांना ती परकी वाटायचं कारण नाही.

पण आपला विषय गाणी. आणि भीतीच्या आवाजाची गोष्ट या देशात सांगायची तर ती रेडिओपासूनच सुरू करायला हवी.

न्यू जर्सीतल्या श्रोत्यांना ग्रोव्हर्स मिल ठाऊक असेल. वेस्ट विंडसरमधली छोटीशी वस्ती, तळं, बाजूला व्हॅन नेस्ट पार्क. आज त्या भागात मराठी माणसांची कितीतरी घरं आहेत. ३० ऑक्टोबर १९३८, रविवारची रात्र, आठ वाजता सीबीएसवर तेवीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सने ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चं नभोनाट्य सादर केलं. मंगळावरचे लोक पृथ्वीवर उतरले, आणि उतरले ते नेमके या ग्रोव्हर्स मिलमध्ये.

त्यात घाबरवायला काय वापरलं होतं? भुताचं हसू नाही, किंकाळ्या तर फारच थोड्या. नाच-गाण्याचा साधा कार्यक्रम चालू असल्याची बतावणी होती. एका हॉटेलातून वाद्यवृंद वाजतोय, निवेदक मध्येच थांबवून बातमी सांगतो, पुन्हा संगीत सुरू. पुन्हा बातमी, पुन्हा संगीत. मग ग्रोव्हर्स मिलमधून बोलणाऱ्या वार्ताहराचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटतो आणि काही क्षण काहीच नाही. शांतता. त्यानंतर हळूच पियानो सुरू होतो. रेडिओवर काम करणाऱ्या माणसाला विचारा, त्या रिकाम्या क्षणासारखं भयंकर दुसरं काही नसतं. सगळा देश रस्त्यावर धावत सुटला, असं दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी रंगवलं. ते बरंच फुगवलेलं होतं, असं आता इतिहासकार सांगतात. पण घाबरलेली घरंही होतीच. १९८८ साली, पन्नास वर्षं झाल्यावर, त्या पार्कात या प्रसंगाचं स्मारक उभं राहिलं. जमलं तर पोरांना घेऊन जा.

त्या कार्यक्रमाचं संगीत सांभाळणारा माणूस होता बर्नार्ड हरमन. हे नाव लक्षात ठेवा. बावीस वर्षांनी, १९६० मध्ये, याच हरमनने हिचकॉकच्या ‘सायको’ला संगीत दिलं, तेही फक्त तंतुवाद्यांवर. ना ढोल, ना तुतारी. न्हाणीघरातल्या त्या प्रसंगाला संगीत नको, असं हिचकॉकचं आधी म्हणणं होतं. हरमनने तरी ते लिहून ऐकवलं आणि हिचकॉकने आपलं म्हणणं मागे घेतलं. व्हायोलिनवर सुरी फिरावी तसा तो आवाज आज चित्रपट न पाहिलेल्या मुलांनाही माहीत असतो.

आता या दोन तारखांच्या मध्ये मुंबईला जाऊ.

(गाणं : ‘आएगा आनेवाला’. चित्रपट ‘महल’, १९४९)

ऑक्टोबर १९४९. बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक कमाल अमरोही, त्यांचा हा पहिलाच चित्रपट. पडद्यावर अशोककुमार आणि मधुबाला. कॅमेरा जोसेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराचा, त्यामुळे सावल्या खास युरोपी वळणाच्या. गीत नक्शब यांचं, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. आणि आवाज वीस वर्षांच्या लता मंगेशकरांचा.

भुताचा आवाज लांबून येतोय आणि जवळ येत चाललाय, असं ऐकू यायला हवं होतं. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. मग काय केलं? लतादीदींनी नंतर मुलाखतींत सांगितलंय, की मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात, हलक्या पावलांनी त्याच्याकडे चालत आल्या. ठरलेल्या शब्दाला ठरलेल्या जागी पोचायचं. चुकलं की पुन्हा कोपऱ्यात. त्या गाण्याची सुरुवात पुन्हा एकदा डोळे मिटून ऐका. एक सडपातळ मुलगी अंधाऱ्या खोलीत तुमच्या दिशेने चालत येतेय, हे कळतं. हिंदी चित्रपटातल्या भुताच्या गाण्याचा जन्म त्या चालण्यात झाला.

आणि आता रेडिओची गोष्ट. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तबकडीवर गायिकेचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं होतं : कामिनी. गाणं रेडिओवर वाजू लागलं आणि ‘ही कोण गातेय?’ अशी विचारणा करणारी श्रोत्यांची पत्रं आकाशवाणीकडे येऊ लागली. शेवटी रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीला विचारून नाव मिळवलं आणि ते श्रोत्यांना सांगितलं. विचार करा, पडद्यावरचं भूत खोटं होतं, पण नाव नसलेला तो आवाज खरोखरच अशरीरी होता. श्रोत्यांनी विचारलं, म्हणून त्याला नाव मिळालं. खेमचंद प्रकाश यांना मात्र या यशाचे फार दिवस लाभले नाहीत. ऑगस्ट १९५० मध्ये ते गेले.

माझी आई हे गाणं भांडी विसळताना गुणगुणायची. तिला ते कधीच भुताचं वाटलं नाही. ‘वाट बघण्याचं गाणं आहे ते,’ म्हणायची. मला तेव्हा तो फरक कळत नव्हता.

आता येऊ १९६२ सालाकडे. या एका वर्षात दोन्ही देशांत भुताची दोन गाणी गाजली आणि ती शेजारी ठेवली, की दोन समाजांचा स्वभाव कळतो.

आपल्याकडे ‘बीस साल बाद’. शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिलच्या कुत्र्याच्या गोष्टीवरून सुचलेला. निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार, दिग्दर्शक बीरेन नाग. ‘कहीं दीप जले कहीं दिल’ हे त्यातलं गाणं. लतादीदी त्या सुमारास मोठ्या आजारातून उठल्या होत्या. त्या गाण्याने त्यांना फिल्मफेअर मिळवून दिलं, गीतकार शकील बदायुनी यांनाही. पुन्हा तोच साचा : रात्र, धुकं, पांढरी साडी, आणि जिवाला ओढ लावणारा सूर.

(गाणं : ‘कहीं दीप जले कहीं दिल’)

आणि इथे अमेरिकेत त्याच वर्षी, २० ऑक्टोबर १९६२ ला, बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं ‘मॉन्स्टर मॅश’. गायक बॉबी पिकेट. हे तर तुमच्या मुलांना शाळेतूनच पाठ असेल. एक शास्त्रज्ञ रात्री प्रयोगशाळेत काम करतोय आणि त्याने बनवलेला राक्षस उठून नाचायला लागतो. सगळी भुतं मिळून पार्टी करतात. त्यातले आवाज कसे काढले, ऐका : शवपेटी उघडल्याची करकर म्हणजे लाकडातून उपसलेला गंजका खिळा. कढई खदखदतेय म्हणजे पाण्यात नळी घालून फुंकलंय. साखळदंड म्हणजे जमिनीवर आपटलेल्या साखळ्या. घरच्या घरी दुपारी करून पाहता येईल, असा सगळा उद्योग. बीबीसीला मात्र ते गाणं अभद्र वाटलं आणि त्यांनी ते वाजवायला नकार दिला. अकरा वर्षांनी, १९७३ मध्ये, तेच गाणं ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं.

तर आपलं भूत विरहिणी आणि इथलं भूत पार्टीवालं. तिकडे भूत आपल्याला बोलावतं, इकडे ते आपल्यात येऊन नाचतं. मी कित्येक वर्षं हा फरक असाच सांगत आले आणि पुढे जात आले.

पण पिकेट ज्या आवाजात बोलतो तो आवाज त्याचा नाही. ती नक्कल आहे, बोरिस कार्लोफची. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस झालेला नट. चौकोनी कपाळ, मानेत बोल्ट, जड पावलं. आपल्या मुलांच्या पुठ्ठ्याच्या मुखवट्यावर आज जो चेहरा असतो, तो या माणसाचा.

कार्लोफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडनमध्ये, २३ नोव्हेंबर १८८७ चा. वडील हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात अधिकारी होते. आणि आईकडून नातं असं : आईची सख्खी मावशी म्हणजे ॲना लिओनोवेन्स. होय, सयामच्या राजाच्या मुलांना शिकवणारी, ‘द किंग अँड आय’ या प्रसिद्ध संगीतिकेतली तीच ॲना. ती स्वतः सांगत असे, की आपला जन्म वेल्सचा, खानदान चांगलं. जग ते मानत राहिलं. १९७६ मध्ये एका ब्रिटिश संशोधकाने, डब्ल्यू. एस. ब्रिस्टो यांनी, कागदपत्रांतून ते खोडून काढलं. हे ब्रिस्टो पेशाने कोळ्यांचे अभ्यासक, जाळीवाल्या कोळ्यांचे. हॅलोवीनला शोभेलसा योगायोग! ॲनाचा जन्म १८३१ चा, अहमदनगरचा. वडील कंपनीच्या फौजेतले साधे सार्जंट, ते तिच्या जन्माआधीच वारलेले. आईकडून रक्तात हिंदी अंश. पुढे सावत्र वडिलांबरोबर ती पुण्यात राहिली आणि १८४९ मध्ये तिचं लग्नही पुण्यातच झालं. २००८ साली सुसान मॉर्गन यांनी तिचं चरित्र लिहिलं, त्याचं नावच ‘बॉम्बे ॲना’ आहे.

आता ती का लपवत होती, हे कळायला फार डोकं लागत नाही. नगरच्या छावणीतल्या सार्जंटची मिश्र रक्ताची मुलगी म्हणून तिला सयामच्या राजवाड्यात किंवा न्यूयॉर्कच्या व्याख्यानांना कोणी बोलावलं असतं का? आणि तिच्या बहिणीचा नातू सावळ्या वर्णाचा निघाला, घरदार सोडून १९०९ मध्ये कॅनडाला गेला, नाव बदलून रशियन वाटेलसं घेतलं, हॉलिवूडच्या सुरुवातीच्या काळात अरब नि हिंदू खलनायकांची कामं करत राहिला. पोटापाण्यासाठी तोंडाला रंग लावता लावता शेवटी जगातला सगळ्यात ओळखीचा राक्षस झाला.

आणि कळस ऐका. ऑक्टोबर १९६५ मध्ये ‘शिंडिग’ नावाच्या टीव्ही कार्यक्रमात हॅलोवीनच्या निमित्ताने कार्लोफ स्वतः आला आणि त्याने ‘मॉन्स्टर मॅश’ सादर केलं. आपलीच नक्कल केलेलं गाणं, आपल्या मूळ आवाजात. अमेरिकेच्या हॅलोवीनचं हे राष्ट्रगीत, आणि ते म्हणणाऱ्या म्हाताऱ्याच्या आईची मावशी नगरची.

(गाणं : ‘मॉन्स्टर मॅश’)

मंडळी, माझी आई नगरची. माळीवाड्यात वाढलेली. ती इथे सहा महिन्यांसाठी यायची, तेव्हा हॅलोवीनला दारात खुर्ची टाकून बसायची आणि येईल त्या राक्षसाला, चेटकिणीला ‘ये रे बाळा, ये’ म्हणून दोन्ही मुठी भरून चॉकलेटं द्यायची. एका उंच पोराने फ्रँकेन्स्टाइनचा मुखवटा घातला होता, तर हिने विचारलं, ‘हा कुठला रे?’ आम्ही हसलो होतो. आज वाटतं, प्रश्न बरोबर होता. ‘तुमच्याच गावाकडचा,’ असं उत्तर द्यायला हवं होतं. पण हे सगळं माझ्या वाचनात आलं ते ती गेल्यावर.

असो. थोडं भरभर पुढे जाऊ, गाणी अजून बाकी आहेत.

१९६४, ‘वो कौन थी’. दिग्दर्शक राज खोसला, संगीत मदनमोहन. ‘नैना बरसे रिमझिम’ हे गाणं चित्रित करायची वेळ आली तेव्हा लतादीदींचं ध्वनिमुद्रण झालंच नव्हतं. म्हणून मदनमोहन यांनी स्वतःच्या आवाजात गाऊन टेप पाठवली आणि साधनाने त्यावर ओठ हलवले. सिमल्याच्या धुक्यात पांढऱ्या साडीतली बाई आणि तिच्या तोंडून पुरुषाचा आवाज. बघायला जमलेल्या लोकांची काय अवस्था झाली असेल!

१९६५, ‘गुमनाम’. हे दिग्दर्शक आपले राजा नवाथे. संगीत शंकर-जयकिशन. त्यातलं ‘जान पहचान हो’, रफीसाहेबांनी गायलेलं आणि लक्ष्मी छायाने डोळ्यांवर मुखवटा चढवून नाचलेलं, २००१ मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाच्या अगदी सुरुवातीला आलं. इथली एक शाळकरी मुलगी आपल्या खोलीत ते पाहत बेभान नाचते. आपल्या मुलांच्या अमेरिकन मित्रांनी एखादं जुनं हिंदी गाणं ऐकलेलं असेल, तर ते हे असण्याची शक्यता बरीच आहे. पार्टीला लावायचं तर हेच लावा.

आणि मराठी? १९७६, ‘हा खेळ सावल्यांचा’. दिग्दर्शक वसंत जोगळेकर, पडद्यावर आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर. ‘रात्रीस खेळ चाले’ हे गीत सुधीर मोघे यांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज महेंद्र कपूर यांचा. ज्या घरात थोरल्या मंगेशकरांनी भुताच्या गाण्याला पहिला आवाज दिला, त्याच घरातल्या धाकट्याने मराठीला तिचं भुताचं गाणं दिलं. त्याचे पहिले तीन शब्द चाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये, एका मालिकेचं नाव झाले. कोकण, मालवणी बोली, नाईकांचा वाडा. रात्री साडेदहाला जेवणं उरकून टीव्हीसमोर बसणारी घरं तिकडेही होती आणि वेळेचं गणित जमवून इथेही.

याला जोडून अमेरिकेतला १९७८ चा ‘हॅलोवीन’ ऐका. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने संगीत स्वतःच केलं. आधी चित्रपट संगीताशिवाय एका स्टुडिओच्या अधिकारी बाईंना दाखवला, तर त्यांना जराही भीती वाटली नाही. मग त्याने पियानोवर ती प्रसिद्ध धून बसवली. तिचा ठेका पाच मात्रांचा, वडिलांनी लहानपणी बाँगोवर शिकवलेला. आपल्या घरातल्या तबला शिकणाऱ्या मुलांना ऐकवा आणि मात्रा मोजायला सांगा. झपतालाच्या दहा मात्रांत दोन-तीन, दोन-तीन असा पाचाचा हिशोब त्यांच्या हातात बसलेला असतो. चारांच्या सवयीच्या कानाला मात्र तो ठेका सारखा पायरी चुकल्यासारखा वाटतो, आणि भीती तिथेच असते.

‘थ्रिलर’बद्दल मी काय सांगणार? डिसेंबर १९८३ मध्ये तो व्हिडिओ आला आणि २००९ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जाणारा पहिला संगीत-व्हिडिओ ठरला. मराठी मंडळाच्या गॅदरिंगमध्ये त्यावर नाचलेले काका आता आजोबा झालेत.

शेवटचं. आई सप्टेंबरात गेली. त्या ऑक्टोबरात शेजारच्या अंगणात नेहमीसारखी थर्माकोलची थडगी लागली आणि मला ती बघवेनात. मी तो सण घरात नको म्हणाले. पहिल्या वर्षीसारखे दिवे घालवून बसू, असंच मनात होतं. माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने आजीची खुर्ची दारात ठेवली, शेजारी चॉकलेटांची परडी, आणि खिडकीत स्पीकर. ‘मॉन्स्टर मॅश’ लागेल म्हणून मी कानावर हात ठेवायच्या तयारीत होते. लागलं ‘आएगा आनेवाला’.

त्याने मला विचारलं, ‘आई, त्या सिनेमातली ती खरंच भूत असते का?’ नाही. ‘महल’मध्ये भूत नाहीच. माळ्याची मुलगी असते ती, जिवंत, हाडामांसाची. ‘बीस साल बाद’मध्ये भूत नाही, ‘वो कौन थी’मध्येही नाही. या सगळ्या चित्रपटांत शेवटी दिवा लागतो आणि कुणीतरी माणूसच निघतो. मुलगा म्हणाला, ‘मग आजी म्हणायची ते बरोबर. वेटिंगचंच गाणं आहे.’

त्या रात्री पायऱ्यांवर पोरं यायची, क्षणभर थांबून ऐकायची, चॉकलेट घ्यायची आणि जायची. एका लहानग्या चेटकिणीने विचारलं, हे कोण गातंय? मुलाने नाव सांगितलं. पूर्ण नाव, नीट उच्चार करून, दोनदा.

तर मंडळी, यंदा दिवे चालू ठेवा. एखादं आपलं गाणं दारात लावा आणि कुणी विचारलं, तर नाव सांगा. दिवाळीच्या कार्यक्रमात भेटूच. नमस्कार!